‘तुमच्यानंतर काय?’ हे आम्हाला विचारा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अपंग मुलांच्या पालकांची कुठलीही बैठक असो, तासाभरात गाडी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : आमच्यानंतर काय? आई सत्तरीला टेकलेली, वडिलांची बायपास झालेली, मुलगा चाळिशीचा आणि त्याला आजही आंघोळीला कोणीतरी लागते. प्रश्न खरा आहे आणि तो विचारताना कापणारा आवाजही खराच आहे. पण या प्रश्नाभोवती जो वाद घातला जातो, तो मला भलत्याच जागी अडकलेला दिसतो. एका बाजूचे म्हणणे असे, की महापालिकेने नाहीतर सिडकोने भूखंड द्यावा, त्यावर आजन्म निवासाचे संकुल बांधावे, डॉक्टर, स्वयंपाकघर, पहारेकरी सगळे एकाच आवारात असावे, म्हणजे पालक निश्चिंतपणे डोळे मिटतील. दुसरी बाजू यावर भडकते. आपल्या रक्ताच्या माणसाला संस्थेत टाकायचे? मग भावंडे कशाला आहेत? पुढे एकमेकांच्या माणुसकीचा पंचनामा सुरू होतो. या गदारोळात तो चाळिशीचा मुलगा बहुधा त्याच सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेला असतो आणि त्याला कोणी विचारलेच तर ‘चहा घेणार का रे?’ एवढेच विचारते.

माझे मत आधीच सांगून टाकते. संकुल हे उत्तर नाही आणि भावंडांवर टाकून मोकळे होणे हेही नाही. प्रौढ अपंग माणसाला चार घरांसारख्या घरात, स्वतःच्या पत्त्यावर, स्वतः निवडलेल्या मदतनीसाच्या आधाराने राहता आले पाहिजे, आणि सार्वजनिक पैसा आधी त्यासाठी खर्च झाला पाहिजे. ही माझी लहर नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ५ हेच सांगते : अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिच्यावर अमुक एका निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती होऊ नये आणि घरपोच मदतीसह आवश्यक सेवा तिला मिळाव्यात, यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केले. त्याचे कलम १९ तर सरळ स्वतंत्रपणे जगण्याविषयीच आहे. म्हणजे संकुल की कुटुंब असा जो सामना आपण रंगवतो, त्याचा निकाल कागदावर केव्हाच लागला आहे, आणि तो दोघांपैकी कोणाच्याच बाजूने नाही.

मी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असते, नेरूळला सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहते. तळमजला मला आवडतो म्हणून नव्हे, लिफ्ट नाही म्हणून. सकाळी उठवायला, आंघोळीला आणि कपडे करायला एक बाई येतात. त्या दीड तासानंतर मी दिवसभर माझे काम करते, पगार घेते, आयकर भरते. ‘स्वतंत्र राहते म्हणतेस आणि ब्लाउजची हुके दुसऱ्याकडून लावून घेतेस?’ असे मला एका नातेवाइकांनी भर लग्नात विचारले होते. हुके मी स्वतःही लावू शकते, पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात ठाण्याची लोकल माझ्याशिवाय निघून जाते. जो माणूस ड्रायव्हर ठेवतो, डबा लावतो, धुणीभांड्याला बाई ठेवतो, त्याच्या स्वातंत्र्याविषयी कोणी शंका घेत नाही. मग माझ्याच बाबतीत स्वातंत्र्याची परीक्षा हुकांपाशी का व्हावी? मदत लागते की नाही हा मुद्दाच नाही. मदतीला कोण येणार, कधी येणार, कसे करणार, आणि नीट केले नाही तर त्याला काढायचे कोणी, हे ठरवणारा माणूस कोण, हा मुद्दा आहे.

ही कल्पना कुठल्या विद्वानाने खोलीत बसून काढलेली नाही. एड रॉबर्ट्स नावाचा पोलिओ झालेला तरुण १९६२ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याला रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपावे लागे आणि त्या यंत्राचे वजन वसतिगृहाला पेलणार नाही म्हणून विद्यापीठाच्या इस्पितळात त्याची सोय करावी लागली. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने तर हा कधी नोकरी करू शकणार नाही असाच शेरा मारला होता. त्याने आणि त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांनी आपापले मदतनीस स्वतः नेमायला सुरुवात केली आणि १९७२ मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले, अपंगांनी अपंगांसाठी चालवलेले. तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन खात्याचा संचालक झाला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पॉल हंट, ज्याने स्वतः अपंगांच्या निवासी संस्थेत वर्षे काढली होती, गार्डियन वृत्तपत्रात पत्र लिहून संस्थांमध्ये राहणाऱ्यांनी संघटित व्हावे असे आवाहन करत होता. संस्था वाईट चालवली जाते म्हणून नव्हे, तर चांगली चाललेल्या संस्थेतही उठायचे केव्हा, जेवायचे काय आणि भेटायचे कोणाला हे दुसरे कोणी ठरवते म्हणून.

आता विरोधी बाजू. ती दुबळी नाही, आणि तिच्यातल्या सर्वांत भक्कम मुद्द्यापासूनच सुरुवात करायला हवी. अनेक पालक मला म्हणतात, ‘ताई, तुम्ही बोलता, लिहिता, बँकेचे व्यवहार करता. तुमचे ठीक आहे. माझ्या मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे, तिला पन्नास आणि पाचशे यांतला फरक कळत नाही. तिने मदतनीस निवडायचा कसा?’ हा आक्षेप मी मान्य करते, निम्म्याहून अधिक. हक्कांच्या चळवळीचे व्यासपीठ फार काळ आमच्यासारख्या तोंडाळ, शिकलेल्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या लोकांनी अडवले आहे. आमच्या गरजेला जे उत्तर लागू पडते ते सगळ्यांना लागू पडेल असे गृहीत धरण्याची खोड आम्हाला आहे. पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. पैशांचा हिशेब न येणे आणि आपल्याला काय आवडते हे न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या ओळखीतली एक अशीच मुलगी, आता तिशीची, दोन मदतनीसांपैकी एक आली की दार उघडायला धावते आणि दुसरी आली की न्हाणीघरात जाऊन कडी लावते. याहून स्पष्ट मतदान काय असते? तिच्या आईने ते वाचले आणि बाई बदलली. निर्णयाला आधार देणे म्हणतात ते हेच : आकडेमोड दुसऱ्याने करावी, कल मात्र तिचा असावा. पेरू देशाने २०१८ मध्ये कायदा बदलून अपंगांचे पालकत्व दुसऱ्याकडे देण्याची पद्धत मोडीत काढली आणि तिच्या जागी आधाराची व्यवस्था आणली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांची स्वतःची चळवळ तर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये उभी राहिली. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्याचे कलम १३ही अपंगांची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानते, आणि आधार देणारी व्यवस्था बदलण्याचा, मोडण्याचा अधिकारही त्यांना देते. आपण मात्र अजून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचे पालकत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की प्रश्न सुटला असे समजतो. ते प्रमाणपत्र काही कामांना लागतेच. पण ते हातात आले की त्या माणसाला काही विचारायची गरजच संपते, असा त्याचा वापर होतो.

दुसरा आक्षेप कुटुंबाचा. स्वतंत्र जगणे हे पाश्चात्त्यांचे खूळ, तिकडे अठराव्या वर्षी मुले घराबाहेर पडतात, आपल्याकडे कुटुंब सांभाळते. सांभाळते, नाकारत नाही. मी आज लिहिते आहे ते माझ्या आईने मला पाठीवर घेऊन शाळेचे जिने चढले म्हणून. पण कुटुंब सांभाळते या वाक्याच्या कर्त्याच्या जागी नेमके कोण बसलेले असते? बहुतेक घरांत एक बाई असते. आधी आई, मग वहिनी, नाहीतर लग्न न झालेली बहीण. तिच्या कमरेची चकती सरकते, तिची नोकरी सुटते, तिला माहेरी दोन दिवस जाता येत नाही, आणि ती थकली की संस्कृतीच्या नावाने तिलाच दोष द्यायचा. वागळे इस्टेटच्या एका खोलीत किंवा कोपरखैरण्याच्या वन आरकेत, दोघेही नोकरी करणाऱ्या घरात, संस्कृती आंघोळ घालायला येत नाही. शिवाय कुटुंबाच्या प्रेमाला एक कागदी बाजूही आहे आणि ती तलाठी कार्यालयात किंवा सोसायटीच्या दप्तरात दिसते. वडील गेले की हक्कसोडपत्र पुढे येते. ‘तुला कुठे काय करायचंय, तुझं सगळं आम्हीच बघणार ना?’ बहिणींच्या बाबतीत हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. अपंग भावाबहिणींच्या बाबतीत तर ते उच्चारायचीही गरज पडत नाही, अंगठा धरून टेकवला की झाले. कलम १३ सांगते की मालमत्तेच्या व्यवहारात आधार देणाऱ्याचे आणि अपंग व्यक्तीचे हितसंबंध आडवे येत असतील तर आधार देणाऱ्याने बाजूला व्हावे. भाऊ आहे म्हणून हितसंबंध आडवे येत नाहीत, असे समजणाऱ्याने एकदा दिवाणी न्यायालयात चक्कर मारावी. कुटुंबाला तोडा असे मी म्हणत नाही. सगळा भार एकाच बाईच्या कमरेवर आणि सगळी सत्ता एकाच भावाच्या सहीत असू नये, एवढेच म्हणते. माझी आई आता माझ्याकडे येते ती गप्पा मारायला येते. आमचे पटते, पूर्वीपेक्षा जास्तच.

आणि सुरक्षितता? घरात एकटी बाई, बाहेरचा मदतनीस, दार बंद. काही घडले तर? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच हसत नाही, कारण घडते. पैसे चोरीला जातात, चिमटे काढले जातात, त्याहून वाईट होते. पण या भीतीचा उपाय म्हणून संस्था पुढे केली जाते तेव्हा मला इतिहास आठवतो, आणि तो लांबचा नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी तेव्हा रान उठवले. म्हणजे कर्मचाऱ्यांना जी गोष्ट अडचणीची होती, ती मुलींच्या शरीरातूनच काढून टाकली. त्यानंतर २०११ मध्ये आपल्याच दाराशी, पनवेलजवळच्या कळंबोलीत, अशाच मुलींच्या निवासी संस्थेत वर्षानुवर्षे चाललेले अत्याचार उघडकीस आले. २०१३ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षाही ठोठावल्या. त्या मुलीही कोणीतरी सुरक्षित राहाव्यात म्हणूनच तिथे ठेवल्या होत्या. कुंपण, पहारेकरी, नोंदवही सगळे होते. मग कमी काय होते? येणारीजाणारी माणसे. शेजारची काकू, दूधवाला, इस्त्रीवाला, जिन्यात खेळणारी पोरे. वाईट माणूस घरातही शिरू शकतो, पण घरात त्याला सगळ्या बाजूंनी डोळे असतात आणि त्याला उद्यापासून येऊ नको असे सांगता येते. संस्थेतल्या रहिवाशाने अधीक्षकाला तसे सांगून बघावे.

इथे ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. शंभर वर्षांहून जुने हे आवार. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवे स्थानक व्हायचे, त्यासाठी त्यातली जागा घ्यायची, ही चर्चा ठाणेकर वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. स्थानक किती फलाटांचे, रिक्षातळ कुठे, यावर नाक्यानाक्यावर तज्ज्ञ भेटतील. आत राहणाऱ्या माणसांविषयी मात्र कोणी बोलत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १९ म्हणते की केवळ कुटुंब नाही, कुटुंबाने स्वीकारले नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. बाहेर सोय नाही हे कारण आहे म्हणूनच तर ते कलम लिहावे लागले. कुठलेही निवासी संकुल बांधताना हेच आठवावे : इमारत उभी राहिली की बाहेरची सोय करण्याची निकड संपते, आणि मग सोय नाही म्हणून आतली माणसे आतच राहतात.

निवासी संस्था उभ्या करणारे सगळेच दुष्ट होते असे मात्र कोणी समजू नये. बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले तेव्हा कुष्ठरोग्याला भाड्याने खोली तर सोडाच, पाणवठाही मिळत नव्हता. गावच दार लावून घेत असेल तर वेगळे गाव वसवणे हाच माणुसकीचा मार्ग उरतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत टिकून होते, यावरून बाहेरचे दार किती जड होते ते कळावे. एखाद्याला समवयस्कांबरोबर एकत्र राहणेच आवडत असेल तर त्यालाही माझी हरकत नाही. चार-पाच जणांचे सामायिक घर, सोसायटीतल्याच दोन फ्लॅटमध्ये, किल्ली त्यांच्याकडे, हेही स्वतंत्र जगणेच. हरकत आहे ती किल्ली कार्यालयात ठेवण्याला.

पैशाचे काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि सगळ्यात आधी निकाल लावून जातो. मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बारा तासांच्या ड्युटीवर मदतनीस घेतला तर महिन्याचा खर्च सहज वीस हजारांपुढे जातो. याच्या समोर सरकार काय ठेवते? केंद्राची अपंग निवृत्तिवेतन योजना : ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब, आणि महिन्याला ३०० रुपये. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचे अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय झाला, तेही उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना घरी पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देते. निदान सांभाळणे हे काम आहे एवढे तरी तिने मान्य केले. स्वीडनने १९९४ पासून कायद्याने तीव्र अपंगत्व असलेल्यांना मदतनीसाचे तास मंजूर करायला सुरुवात केली आणि मदतनीस पालिकेकडून घ्यायचा, सहकारी संस्थेकडून घ्यायचा की स्वतः नेमायचा हे त्यांच्यावर सोडले. आपण स्वीडन नाही, हे वाक्य मला पाठ आहे. स्वीडनमध्येही नंतर तास मोजताना हात आखडता घेतला गेला. पण प्रत्येकाला चोवीस तास मदतनीस हवा असतो हे कोणी ठरवले? बहुतेकांना सकाळी दोन तास, रात्री एक तास, आणि आठवड्यातून एकदा बाजारहाट किंवा दवाखान्यासाठी सोबत पुरते. संकुलाला मात्र तीन पाळ्यांचे कर्मचारी, भटारखाना, जनित्र, लेखापाल आणि घोडबंदर रोडच्या भावाने जमीन लागते, आणि हे सगळे पहिला माणूस राहायला येण्याआधी लागते. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी राखून ठेवायचे आहेत. तो पैसा बऱ्याचदा कसा जातो ते आपण पाहतो : मांडव, हार, प्रमुख पाहुणे, एका रांगेत उभ्या केलेल्या तीनचाकी सायकली, फोटो. त्यातल्या काही सायकली पुढच्या पावसाळ्यात भंगारवाल्याकडे दिसतात, कारण घेणाऱ्याला सायकल नकोच होती. त्याला काय हवे हे यादी करणाऱ्याने विचारले नव्हते. मदतनीसाच्या तासांचा फोटो निघत नाही, ही या योजनेतली खरी उणीव असावी असा मला संशय आहे.

या सगळ्यात जो आक्षेप मला खरोखर झोपू देत नाही तो विरोधक घेतच नाहीत, म्हणून मीच घेते. माझे स्वातंत्र्य दुसऱ्या एका बाईच्या स्वस्त श्रमावर उभे आहे. माझ्याकडे येणाऱ्या बाई दिघ्याहून पहाटे निघतात. त्यांच्या स्वतःच्या सासूला अर्धांगवायू झालेला आहे आणि तिला त्या वेळेत कोण बघते हे विचारायला मी बरेच दिवस कचरत होते. शेजारीण बघते, पैसे न घेता. ब्यूरो माझ्याकडून जे घेते त्यातले त्यांच्या हातात किती पडते हे कळल्यावर मी ब्यूरो सोडला, पण सगळ्यांना तसे जमणार नाही. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला खरा, पण अपंग माणसाला उचलणे, बसवणे, त्याची लघवीची नळी सांभाळणे हे निव्वळ घरकाम नाही. त्याचे शिक्षण असते, त्यात कमरेला पट्टा लागतो, त्याला सुट्टी आणि बदली माणूस लागतो. हे काम कौशल्याचे आहे असे मानून त्याचे प्रशिक्षण, किमान दर आणि विमा ठरवला नाही, तर आम्ही मागतो ते स्वातंत्र्य म्हणजे एका दुबळ्या माणसाचा भार दुसऱ्या दुबळ्यावर ढकलणे ठरेल. हा दोष स्वतंत्र जगण्याच्या कल्पनेतच आहे, असे कोणी म्हणेल. मला वाटते तो फुकटात उरकण्याच्या सवयीत आहे. आईकडून फुकटात झाले तेव्हा कोणाला तो दिसलाच नाही.

मदतनीस मिळाला तरी दार उरतेच. माझ्या घरातल्या न्हाणीघराचे दार दोन फुटी आहे आणि खुर्ची पंचवीस इंचांची. या एका इंचापायी चौकट फोडून घ्यावी लागली. इमारतीच्या प्रवेशाला तीन पायऱ्या होत्या. उतार बांधावा असा अर्ज दिला तेव्हा सर्वसाधारण सभेत एक काका अगदी आपुलकीने म्हणाले, ‘ताई, तुम्ही बाहेर अशा कितीशा जाता? उतारापायी एक पार्किंग जाईल.’ मी बाहेर कितीशी जाते याचे कारण त्याच तीन पायऱ्या होत्या, पण काकांना ते उलटे दिसत होते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४५ ने अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात सांगितले की सुगमतेची मानके नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियमच कायद्याशी विसंगत आहे, सक्तीची मानके वेगळी काढा.

इथे मला महाडची आठवण होते. अस्पृश्यता आणि अपंगत्व यांची बरोबरी मी करत नाही, ती होतही नाही. आठवण होते ती कागद आणि पाणी यांतल्या अंतराची. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तळ्याचे पाणी कोणाच्या ओंजळीत आले नाही. ते आले २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्याकाठी गेले तेव्हा. आणि त्यानंतरही खटला १९३७ पर्यंत चालला. ठराव करणारे सद्हेतूचे होते. पण खुले झाले की नाही हे सांगण्याचा अधिकार ठराव करणाऱ्याला नसतो, पाणी पिणाऱ्याला असतो. ठाण्यात किसननगरला क्लस्टरचे, म्हणजे सामूहिक पुनर्विकासाचे, काम सुरू झाले आहे, वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा वसाहतींचे पुनर्विकास चालू आहेत, नवी मुंबईत सिडकोच्या चार मजली इमारती एकामागून एक पाडायला निघाल्या आहेत. ही संधी पन्नास वर्षांत एकदा येते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४४ नुसार सुगमतेची मानके न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, कलम ३७ नुसार घरांच्या योजनांमध्ये ५ टक्के आरक्षण आहे. न्हाणीघराचे दार नकाशावर नऊशे मिलिमीटरचे काढायला विकासकाला जादा काय लागते? शंभर कुटुंबांच्या इमारतीत आज एक अपंग माणूस असेल. वीस वर्षांनी तिथे गुडघे बदललेल्या, काठीवर चालणाऱ्या तीस आज्ज्या असतील, आणि आज पार्किंग मोजणाऱ्या काकांची सौभाग्यवती त्यांत असेल.

संकुलासाठी भूखंड मागणाऱ्या पालकांशी माझे भांडण नाही, त्यांनी मागणीचा क्रम बदलावा एवढी विनंती आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपापल्या ५ टक्के निधीतून एकेका प्रभागात वीस प्रौढ माणसे घ्यावीत. त्यांत निम्मी तरी बौद्धिक किंवा बहुविकलांग असावीत, नाहीतर पुन्हा आमच्यासारखेच पुढे घुसतील. त्यांच्या गरजेप्रमाणे मदतनीसाचे तास मंजूर करावेत, पैसे त्यांच्या खात्यात जावेत, मदतनीसांची नोंदणी आणि प्रशिक्षण पालिकेने करावे, तक्रारीसाठी त्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट कोणालाही सापडेल अशी असावी. वाशीच्या ईटीसी या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात लहान अपंग मुलांसाठी पालिकेने जे उभे केले ते पाहता नवी मुंबईला हे अशक्य आहे असे मी मानायला तयार नाही. दोन वर्षे हे चालवून बघावे आणि संकुलाच्या एका खाटेचा खर्च शेजारी मांडावा. ज्यांना तरीही संकुल हवे असेल त्यांनी तेव्हा खुशाल भूखंडाची फाईल पुढे सरकवावी. आणि ही वीस माणसे ठरवायला जी समिती बसेल तिच्यात अर्धे सभासद आमच्यातले असावेत, सांकेतिक भाषेचा दुभाषी असावा, आणि बैठक कृपा करून तळमजल्यावर घ्यावी.